विधान परिषद हवी की नको? आधी पदवीधरांच्या यादीत नाव घाला

सातारा किंवा सांगली जिल्ह्यात राहणाऱ्या पदवीधराला विधानसभेच्या मतासोबत आणखी एक मत मिळू शकतं, पुणे पदवीधर मतदारसंघाचं. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांचा मिळून विधान परिषदेत एक पदवीधर आमदार जातो. ‘परिषद म्हणजे पडलेल्यांची सोय, बंदच करा’ असं तावातावाने सांगणाऱ्या कितीतरी जणांनी या यादीत नावच घातलेलं नसतं. आमच्या मते परिषद बंद करू नये, सुधारावी. त्यातला जो भाग थेट मतदाराच्या हातात आहे, तो आधी बघू.

नाव नोंदवताना

पहिली गफलत इथेच होते. विधानसभेच्या यादीत नाव आहे, मतदार ओळखपत्र आहे, म्हणजे इथेही नाव असेलच असं लोक धरून चालतात. पदवीधरांची यादी वेगळी असते आणि दर निवडणुकीला पाटी कोरी करून नव्याने तयार होते. मागच्या वेळी, १ डिसेंबर २०२० ला, तुम्ही मत दिलं असलं तरी पुढच्या निवडणुकीसाठी पुन्हा अर्ज भरावाच लागतो.

पदवीधरासाठी अर्जाचा नमुना १८, शिक्षकांच्या वेगळ्या मतदारसंघासाठी नमुना १९. अर्हता तारीख, म्हणजे पात्रता ज्या दिवशी धरतात ती, असते १ नोव्हेंबर. त्या दिवशी पदवी मिळून किमान तीन वर्षं झालेली हवीत, आणि ही तीन वर्षं निकाल जाहीर झाल्यापासून मोजतात, पदवीदान समारंभापासून नाही. म्हणजे १ नोव्हेंबर २०२५ च्या अर्हतेवरच्या यादीसाठी निकाल १ नोव्हेंबर २०२२ च्या आधीचा लागतो. पदवी भारतातल्या कुठल्याही विद्यापीठाची चालते, राहणं मात्र या पाच जिल्ह्यांतलं हवं. पदवीशी समकक्ष न ठरवलेला डिप्लोमा चालत नाही. माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत गेल्या सहा वर्षांत एकूण तीन वर्षं शिकवलेल्या शिक्षकाला नमुना १९ भरता येतो, आणि तो पदवीधरही असेल तर दोन्ही याद्यांत नाव घालता येतं.

विभागीय आयुक्त हे मतदार नोंदणी अधिकारी असले, तरी अर्ज देण्यासाठी पुण्याला जायची गरज नाही. तहसील किंवा प्रांत कार्यालयात तो देता येतो. सोबत फोटो, रहिवासाचा पुरावा, आणि पदवी प्रमाणपत्राची किंवा शेवटच्या वर्षाच्या गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत जोडा. झेरॉक्सवर स्वतःची सही करून दिली तर अर्ज अडकू शकतो. पदनिर्देशित अधिकारी, राजपत्रित अधिकारी किंवा नोटरी यांच्याकडून प्रत साक्षांकित करून घ्या, आणि पडताळणीसाठी मूळ कागद हातात ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ लग्न झालेल्या स्त्रियांच्या अर्जात होतो. पदवी माहेरच्या नावावर, आधार सासरच्या नावावर, आणि दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचा कागद कुठेच जोडलेला नसतो. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलाचं राजपत्र सोबत लावलं की काम होतं. एका कागदापायी शिकलेल्या बाईचं मत जावं, हे आम्हाला फार लागतं. घरातल्या कुणाची अशी अडचण असेल तर आधी तिचा अर्ज नीट लावा.

एखादा कार्यकर्ता ‘द्या इकडे, सगळ्यांचे एकदम भरतो’ म्हणाला तर देऊ नका. असे गठ्ठ्याने आणलेले अर्ज स्वीकारत नाहीत. घरातल्या एकाने त्याच घरातल्या बाकीच्यांचे अर्ज द्यायला, किंवा संस्थाप्रमुखाने आपल्या पात्र कर्मचाऱ्यांचे अर्ज एकत्र पाठवायला हरकत नसते. पोच घ्या. प्रारूप (कच्ची) यादी लागली की नाव तपासा, कारण हरकत घ्यायची वेळ तीच. अंतिम यादीतही नाव आलं नाही तर उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या तारखेच्या बरंच आधी तहसीलमध्ये पुन्हा अर्ज द्या. त्या तारखेनंतर यादी बंद होते.

मतपत्रिकेवर

इथे मशीन नसतं, कागदाची मतपत्रिका असते. २०२० ला पुणे पदवीधरसाठी ६२ उमेदवार होते, त्यामुळे चादरीसारखा पसरलेला कागद बघून गोंधळायला होतं. केंद्रही नेहमीचं असेलच असं नाही, आधी बघून ठेवा.

मत पसंतीक्रमाने द्यायचं. केंद्रावर मिळणारं जांभळं स्केचपेनच वापरायचं, खिशातलं बॉलपेन नाही. ज्याला सगळ्यात आधी निवडाल त्याच्या नावासमोरच्या रकान्यात १, मग दुसऱ्यासमोर २, तिसऱ्यासमोर ३. आकडे मराठी, इंग्रजी किंवा रोमन लिहिले तरी चालतात, ‘एक’, ‘दोन’ असं अक्षरांत नाही. पहिली पसंती दिलीच पाहिजे, बाकीच्या ऐच्छिक.

मत बाद होण्याची कारणं ठरलेली आहेत. १ लिहिलेलाच नाही. १ दोघांसमोर लिहिला. एकाच नावासमोर १ आणि दुसराही आकडा लिहिला. १ दोन रकान्यांच्या रेघेवर असा पडला की कुणाचा ते कळत नाही. किंवा बरोबरची खूण, फुली, सही, नाव असं काही कागदावर आलं. टिकची सवय आपल्याला शाळेपासून लागलेली असते, आणि सुशिक्षितांच्या या निवडणुकीत तिच्यापायीही मतं बाद होतात.

दुसरी पसंती दिली तर पहिल्याचं नुकसान होतं, ही समजूत खोटी आहे. वैध मतांच्या निम्म्यात एक मिळवला की कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मतं, होतो: १,००,००० वैध मतं असतील तर ५०,००१. पहिल्या पसंतीत कुणीच तिथवर पोचलं नाही तर सगळ्यात कमी मतं असलेल्याला बाद करून त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात. तुमचा पहिला उमेदवार रिंगणात असेपर्यंत तुमची दुसरी पसंती उघडलीच जात नाही. तो बाद झाला आणि पुढे काही लिहिलेलं नसेल, तर तुमचं मत तिथेच संपतं. म्हणून निदान तीन पसंत्या द्या.

बंद करा म्हणायचं असेल तर

राज्यघटनेच्या कलम १६९ प्रमाणे आधी विधानसभेने ठराव करावा लागतो. त्याला एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश, अशी दोन्ही मापं लागतात. आपल्याकडे २८८ आमदार. २१० जणांनी मतदान केलं तर दोन तृतीयांश १४० ला भरतात, पण ठरावाला १४५ लागतीलच. त्यानंतर कायदा संसद करते, आणि तो करायचं बंधन तिच्यावर नाही. आंध्र प्रदेशने जानेवारी २०२० मध्ये परिषद बंद करण्याचा ठराव केला, संसदेत पुढे काही हललं नाही आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये आंध्रने तो मागे घेतला.

परिषदेच्या ७८ जागा अशा: ३० विधानसभेच्या आमदारांकडून, २२ स्थानिक संस्थांकडून, ७ पदवीधर, ७ शिक्षक, १२ राज्यपालनियुक्त. ही वाटणी दगडावरची रेघ नाही. कलम १७१ च्या दुसऱ्या खंडानुसार संसद साध्या कायद्याने ती बदलू शकते. म्हणून निवेदन आमदाराला द्याच, पण साताऱ्याच्या आणि सांगलीच्या खासदारांना आधी द्या.

निवेदनात ‘सुधारणा करा’ एवढंच लिहिलं तर ते फायलीत जातं. नेमकं मागा. सातारा-सांगली स्थानिक संस्था मतदारसंघाच्या आमदाराची मुदत डिसेंबर २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षं ती जागा रिकामी होती, कारण झेडपी, नगरपालिकांतले मतदारच निवडून आलेले नव्हते. अशा जागेसाठी ठरावीक मुदतीत निवडणुकीची तरतूद मागा. राज्यपालनियुक्तांची यादी नोव्हेंबर २०२० मध्ये राज्यपालांकडे गेली आणि २०२२ मध्ये निर्णयाविना मागे घेतली गेली, तेव्हा नियुक्तीलाही मुदत मागा. या जागा साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवेतल्या जाणकारांसाठी आहेत. सहकाराचा उल्लेख राज्यसभेच्या तरतुदीत नाही, राज्याच्या परिषदेसाठी मुद्दाम घातलेला आहे. साखर कारखान्यांच्या आपल्या पट्ट्याने तरी त्या जागांवर कोण जातं हे विचारलंच पाहिजे.

परिषद सरकारची कामं अडवते, हा मुद्दा वाद घालताना टाळा, तो टिकत नाही. अर्थविधेयक तिला १४ दिवसच ठेवता येतं. साधं विधेयक पहिल्यांदा तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा पाठवल्यावर एक महिना, त्यानंतर विधानसभेचंच चालतं. आणि परिषदेतून काहीच येत नाही असं कुणी म्हणालं तर तासगाव तालुक्यातल्या विसापूरचं नाव घ्या. परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या रोजगार हमीचा प्रयोग तिथला, आणि त्यातूनच १९७७ चा राज्याचा कायदा झाला.

निवेदनाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर त्याच आवक क्रमांकाचा उल्लेख करून स्मरणपत्र द्या.