वनस्पतीतून दाहशामक औषध शोधताना या चुका टाळा

अर्क तयार केला, आरएडब्ल्यू 264.7 या उंदराच्या प्रतिकारपेशींना एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातला, दाह पेटवणारा घटक) दिलं, ग्रीस या रंगचाचणीत नायट्राइट, म्हणजे दाहात पेशींनी सोडलेल्या नायट्रिक ऑक्साइडची खूण, निम्म्यावर आलं की लगेच ‘दाहशामक गुण सापडला’ असं लिहायचा मोह होतो. तो आवरा. नायट्राइट इतर कारणांनीही घटतं, आणि त्यातलं सगळ्यात साधं कारण म्हणजे पेशी मेलेल्या असणं.

म्हणून त्याच मात्रेला पेशी जगल्यात का, हे बघायलाच हवं. बहुतेक जण त्यासाठी एमटीटी (जिवंत पेशी ज्याचा जांभळा रंग करतात, त्या पिवळ्या रसायनाची चाचणी) करतात आणि तिथेच दुसऱ्यांदा फसतात. क्वेर्सेटिनसारखी पॉलिफेनॉल्स (वनस्पतींतली एक संयुगं) पेशी नसतानाही एमटीटीचं फॉर्मझान, म्हणजे तोच जांभळा रंग, करून टाकतात. मग मेलेल्या पेशीही जिवंत भासतात. चाचणीच्या ताटलीतल्या काही वेल्समध्ये (खळग्यांत) पेशींशिवाय नुसतं संयुग आणि एमटीटी घालून पाहा. रंग चढला, तर एलडीएच (फुटलेल्या पेशींतून गळणारं एन्झाइम) किंवा एटीपीवर (जिवंत पेशींतला ऊर्जारेणू) आधारलेली चाचणी घ्या, आणि तिथेही संयुगाची ढवळाढवळ होत नाही ना, ते तपासा.

पेशी धडधाकट निघाल्या तरी ग्रीसची शहानिशा बाकी असते. ठरावीक सोडियम नायट्राइटमध्ये संयुग मिसळून मोजा. आकडा कमी आला, तर ढवळाढवळ चाचणीतच आहे. शिवाय पॉलिफेनॉल्स तयार झालेलं नायट्रिक ऑक्साइड थेट टिपूनही घेतात. आयनॉस प्रथिन (नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम), आणि टीएनएफ व पीजीई2 हे दाहाचे संदेशरेणू स्वतंत्रपणे मोजल्याशिवाय यंत्रणेबद्दल काही लिहू नये, असं माझं ठाम मत आहे. एनएफ-कप्पाबी, म्हणजे दाहाची जनुकं चालू करणारं प्रथिन, मोजायला काजव्याचं ल्युसिफरेज (प्रकाश पाडणारं एन्झाइम) वापरत असाल तर आणखी जपून: रेझव्हेराट्रॉल हे द्राक्षातलं पॉलिफेनॉल त्या एन्झाइमलाच रोखतं, आणि प्रकाश मंदावला की दाह शमल्यासारखा वाटतो.

संयुग विरघळवणाऱ्या डीएमएसओचं प्रमाण सगळ्या वेल्समध्ये, नियंत्रण गटातसुद्धा, सारखंच ठेवा. उलट अर्कानेच टीएनएफ वाढलं, तर आधी अर्कातलं एंडोटॉक्सिन (एलपीएसचीच भेसळ) तपासा.

शुद्ध एन्झाइमवर संयुग चाललं, पण 0.01 टक्के ट्रायटन एक्स-100 (साबणासारखं रसायन) घालताच परिणाम गेला, तर रेणूंचे गोळे एन्झाइमला चिकटत असण्याची दाट शक्यता आहे. हळदीतल्या करक्युमिनची गोष्ट तर प्रत्येकाने वाचावी. ते तटस्थ पीएचला झपाट्याने तुटतं, प्रथिनांशी अभिक्रिया करतं, स्वतः चमकतं. 2017 च्या एका मोठ्या आढाव्याने त्याची औषध म्हणून कच्ची बाजू सविस्तर मांडली. पण अभिक्रियाशील म्हणून प्रत्येक रेणू फेकून देणंही चूकच. विलोच्या सालीतल्या सॅलिसिनच्या वाटेने 1897 मध्ये आलेलं अ‍ॅस्पिरिन सायक्लोऑक्सिजनेज या दाहाच्या एन्झाइमला आपला अ‍ॅसिटिल गट कायमचा चिकटवतं. तुमचा रेणू कशाला चिकटतो आणि कशाला नाही, हे दाखवता आलं पाहिजे.

प्राण्यांवर जाताना अर्क फक्त पोटाच्या पोकळीत टोचू नका. तिथे नुसती जळजळ झाली तरी कॅराजिनन (दाह पेटवायला टोचलेला शेवाळातला पदार्थ) मुळे आलेली पंजाची सूज उतरू शकते. तोंडावाटेही द्या, सोबत तुलनेसाठी इंडोमेथासिन या जुन्या दाहशामक औषधाचा गट ठेवा, आणि रक्तात मूळ रेणू किती मिळतो ते मोजा. पेशींवर 20 मायक्रोमोलर लागतं आणि रक्तात काही नॅनोमोलरच (मायक्रोमोलरचा हजारावा भाग) पोचतं, अशी तफावत दिसली तर पुढचा प्राणिगट थांबवा आणि आधी रेणूची रचना बदलायला घ्या.