पेडल जड झालं तेव्हा

विज्ञान केंद्राच्या ऊर्जा दालनात मार्गदर्शक म्हणून रुजू झाले तेव्हा पहिले काही महिने मी नुसती बोलत होते. माणसं ऐकून घ्यायची आणि पुढे सरकायची. मला खरं काम शिकवलं ते जनित्र जोडलेल्या सायकलीने.

एक बाई सायकलवर बसल्या. समोर 9 वॉटचा एलईडी आणि जवळपास तेवढाच उजेड देणारा 60 वॉटचा जुना बल्ब. एलईडी पेटवताना पाय सहज फिरत होते. मी बटण दाबून बल्ब जोडला, तशी पेडलं एकदम जड झाली. "ब्रेक लावलात का?" त्यांनी विचारलं. म्हटलं, फक्त दिवा बदलला. मग सांगितलं: धडधाकट माणूस सलग साधारण 75 ते 100 वॉट देऊ शकतो. बिलावरचं एक युनिट म्हणजे 1 किलोवॉट-तास, म्हणजे 100 वॉटने दहा तास सायकल मारणं. 2 किलोवॉटचा गीझर तेवढी वीज अर्ध्या तासात घेतो. बाई काही बोलल्या नाहीत, पण उतरल्याही नाहीत.

आधी हात-पाय, मग त्यांचा प्रश्न, मग आपला आकडा. तुम्ही या कामात येणार असाल तर हा क्रम सोडू नका. भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपनहायमर यांनी 1969 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम हे विज्ञान संग्रहालय सुरू केलं, तेही लोकांनी स्वतः हाताळून बघावं म्हणूनच.

पर्यावरणाचं काम अवघड, कारण कार्बन डायऑक्साइड ना दिसतो, ना टोचतो. माझा भरवशाचा प्रयोग म्हणजे नळीच्या एका टोकाला मेणबत्ती, दुसऱ्या टोकाला अवरक्त, म्हणजे उष्णता टिपणारा कॅमेरा. नळीत कार्बन डायऑक्साइड भरत जातो तशी पडद्यावरची ज्योत विरत जाते, कारण तो तिची उष्णता अडवतो, डोळ्यांना मात्र ती जळताना दिसतच असते. शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी 1859 मध्ये मोजलेला परिणाम तो हाच. दिव्याखाली एक हवेची आणि एक कार्बन डायऑक्साइडची बाटली ठेवून तापमापी दाखवायचा लोकप्रिय प्रयोग मात्र टाळा. तिथला फरक बराचसा वायूच्या जास्त घनतेमुळे आणि हवा नीट न मिसळल्यामुळे पडतो. उत्तर बरोबर, कारण चुकीचं. पर्यावरणासारख्या विषयात असं दाखवणं मला पटत नाही.

"ओझोनला भोक पडलं म्हणून गरम होतं," हे वाक्य तुम्हाला नेहमी ऐकू येईल. लगेच "चूक" म्हणू नका, माणूस मिटतो. ओझोन आपल्याला अतिनील किरणांपासून वाचवतो, उष्णता अडवणारे मुख्य वायू वेगळे, एवढं सांगा. आणि ओझोन नष्ट करणाऱ्या रसायनांना आळा घालणाऱ्या 1987 च्या माँट्रियल करारानंतर तो थर हळूहळू सावरतोय, हेही आवर्जून सांगा. वाईट बातम्यांनी दडपलेल्या माणसाचा चेहरा इथे खुलतो.

विज्ञानाची पदवी उपयोगी पडतेच. सोबत मल्टिमीटर (विजेचा दाब, प्रवाह मोजायचं उपकरण) वापरायला शिका, कारण "बंद आहे" ही पाटी लागलेलं उपकरण काहीच शिकवत नाही. आणि पहिल्या आठवड्यात रोज तासभर एकाच उपकरणापाशी गप्प उभे राहा. हात लावल्यावर लोकांच्या तोंडून निघणारं पहिलं वाक्य वहीत उतरवून घ्या. माझं सगळं बोलणं आजही त्या वहीतूनच सुरू होतं.