सीएएच असलेली मुलगी गाड्यांशीच खेळते? आईबाबांनी काय करायचं

सीएएच म्हणजे कंजेनायटल अ‍ॅड्रीनल हायपरप्लेजिया. किडनीच्या वरच्या अ‍ॅड्रीनल ग्रंथीत कॉर्टिसॉल (शरीराला ताण आणि आजारपण झेलायला लागणारं हार्मोन) बनवणारं एक एन्झाइम, बहुतेक वेळा २१-हायड्रॉक्सिलेज, कमी असतं, मग कॉर्टिसॉल नीट बनत नाही आणि अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी हार्मोन, मात्र भरमसाठ तयार होतं. हे आईच्या पोटातच सुरू होतं त्यामुळे मुलीचा जननेंद्रियांचा बाहेरचा भाग जन्मतः मुलासारखा दिसू शकतो, पण आत गर्भाशय आणि अंडाशय असतातच.

जन्मल्यावर मुलगा की मुलगी यावरच सगळे अडकतात, पण आधी मिठाचं बघा. क्लासिक म्हणजे तीव्र प्रकारात ४ पैकी साधारण ३ बाळांच्या शरीरातून मीठ निघून जातं आणि पहिल्या २-३ आठवड्यांतच उलट्या, वजन घटणं, सुस्ती, आणि उपचार नसतील तर जिवावर बेततं. १७-ओएचपी (सीएएच ओळखायची रक्ततपासणी), सोडियम-पोटॅशियम, क्रोमोसोम आणि सोनोग्राफी लगेच करून घ्या. नातेवाईक विचारतील, "टेस्ट चालू आहेत, कळलं की सांगतो" एवढंच बोला, घाईत काहीतरी सांगून मग बदलत बसण्यापेक्षा हे बरं.

आता खेळण्याचं. सीएएच असलेल्या बऱ्याच मुलींना गाड्या, ब्लॉक्स, धसमुसळे खेळ आवडतात आणि मित्रही मुलगेच जास्त, पोटात मिळालेल्या अँड्रोजेनचा यात हात आहे हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. २००५ च्या एका अभ्यासात तर आईबाबा या मुलींना बाहुल्यांशी खेळल्यावर त्यांच्या बहिणींपेक्षा जास्त शाबासकी देत होते, तरी पोरी गाड्यांकडेच. तेव्हा बाहुली हातात कोंबू नका, उपयोग शून्य, वर तिला वाटणार आपल्यात काहीतरी खोट आहे.

पण गाड्या आवडतात म्हणजे ती स्वतःला मुलगा समजते असंही नाही. त्याच वर्षीच्या एका आढाव्यात मुलगी म्हणून वाढवलेल्या २५० जणींपैकी जवळपास ९५% जणींना पुढे आपण मुलगी किंवा स्त्रीच आहोत असं वाटत होतं. उरलेल्यांचं काय, तर ते खरंच असतं, म्हणून कान उघडे ठेवा. "मला मुलांबरोबर खेळायचंय" हे एक, आणि महिनोन्‌महिने "मी मुलगाच आहे" म्हणणं, स्वतःच्या शरीराचा त्रास होणं हे वेगळं. दुसरं दिसलं तर रागावू नका, आपणच निकालही लावू नका, मुलांच्या जेंडरवर काम करणाऱ्या सायकॉलॉजिस्टकडे न्या.

आणि प्लीज, "जरा मुलीसारखी होईल" म्हणून कॉर्टिसॉलच्या जागी रोज द्यायचं स्टेरॉइड वाढवून मागू नका. आवडीनिवडींवर जो परिणाम व्हायचा तो जन्माआधीच होऊन गेलेला असतो, जास्त डोसने फक्त उंची खुंटते आणि वजन वाढतं. कमी दिला तरी गडबड, अँड्रोजेन वाढतं, हाडं वयाआधीच पक्की होतात. हे स्टेरॉइड, म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन, सहसा दिवसातून ३ वेळा असतं, ताप आला की डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे वाढवायचं, उलटीत गोळी टिकत नसेल तर इंजेक्शन द्यायचं आणि थेट हॉस्पिटल. इंजेक्शन द्यायला घरातल्या दोघांनी तरी शिकून ठेवा.

जननेंद्रियांच्या ऑपरेशनचा विषय निघाला तर सरळ विचारा: हे लघवीच्या अडचणीसाठी आहे की फक्त दिसण्यासाठी? दिसण्यासाठी असेल तर ती मोठी होऊन स्वतः ठरवेपर्यंत थांबता येतं का? यावर डॉक्टरांमध्येही एकमत नाहीये, त्यामुळे दुसरं मत घ्यायला लाजू नका.

तिला सांगायचं कधी, तर लहानपणापासून, थोडं थोडं. ३-४ वर्षांची असताना "तुझं शरीर एक औषध बनवत नाही म्हणून ही गोळी", शाळेत गेल्यावर शरीराच्या वेगळेपणाबद्दल, आणि पाळीच्या वयाआधी सगळं, मूल होण्याच्या शक्यतेसकट. शाळेला फक्त गोळी आणि इमर्जन्सीचं पत्र द्या, बाकी त्यांना काय करायचंय. तपासणीच्या वेळी खोलीत मेडिकलच्या विद्यार्थ्यांची गर्दी जमली तर "आज नको" म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि ती जरा मोठी झाली की तिला स्वतःलाच विचारा.