प्रवासातल्या फोटोंचे छापील पुस्तक कसे करावे

तंत्रज्ञानावर लिहिणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग असला, तरी भटकून आल्यावर त्या भटकंतीचे एक लहानसे पुस्तक छापून घ्यायची सवय त्याहून जुनी आहे. या पुस्तकाची तयारी घरातून निघतानाच करावी लागते, हे मात्र मला उशिरा उमगले. एकदा युरोपातून परतल्यावर कॅमेऱ्याचे घड्याळ भारतीय वेळेवर आणायचे राहून गेले आणि अजिंठ्यात सकाळी नऊ वाजता काढलेल्या फोटोंवर पहाटे साडेपाचची नोंद पडली. मोबाइलचे फोटो त्यात मिसळल्यावर कोणते लेणे आधी पाहिले, हेच कळेना. त्यामुळे निघण्यापूर्वी दोन्ही घड्याळे जुळवावीत, आणि प्रत्येक लेण्यात शिरताना आधी त्याच्या क्रमांकाच्या पाटीचा फोटो घ्यावा.

अजिंठ्यात फ्लॅश वापरण्यास बंदी आहे आणि तिवईसाठी पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी लागते, म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) वाढवून, खांबाला कोपर टेकवून, रॉ म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ स्वरूपात फोटो घ्यावेत. त्यामुळे फोटोत थोडे कण दिसले तरी छपाईत ते खपून जातात; हललेला फोटो खपत नाही. लेणे क्रमांक २६ मधली महापरिनिर्वाणाची मूर्ती सुमारे सात मीटर लांब आहे आणि ती समोरासमोरच्या दोन पानांवर पसरण्याचा मोह होतोच. तो मोह पुरवायचा असेल, तर फोटो घेतानाच दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवावी, म्हणजे मांडणीत फोटो सरकवून बुद्धाचा चेहरा पानांच्या मधल्या शिवणीपासून लांब ठेवता येतो. अशा पुस्तकाला नुसत्या गोंदाच्या बांधणीऐवजी शिवण बांधणी घ्यावी, कारण ते अधिक सपाट उघडते.

निवड करताना निर्दय व्हावे. सहाशेतून साठ फोटो उरले तर पुष्कळ झाले. चांगल्या छपाईसाठी दर इंचाला ३०० पिक्सेल धरतात. त्या हिशेबाने ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो २० इंच रुंदीपर्यंत छापता येतो, तर व्हॉट्सअ‍ॅपवरून आकसून आलेला १६०० पिक्सेलचा फोटो सव्वापाच इंचांतच संपतो. सहप्रवाशांकडून म्हणूनच मूळ फाइल मागून घ्यावी (आणि त्यांनी ती पाठवेपर्यंत आठवण करत राहावे).

मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. इनडिझाइन या पाने मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडणी करत असाल, तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोजर (देवनागरीसारख्या लिपींतली अक्षरे नीट जुळवणारी त्यातली सोय) लावला आहे ना, हे पाहावे. माझ्या पहिल्या प्रुफात, म्हणजे तपासणीच्या प्रतीत, तो लावलेला नव्हता, आणि ‘भिंत’ या शब्दाची वेलांटी भ च्या उजवीकडे जाऊन बसली होती. पडद्यावर सवयीने वाचताना ही चूक माझ्या नजरेतून दोनदा निसटली. कागदावर ती शेजाऱ्याच्या शाळकरी मुलीने पकडली. पीडीएफ करताना फॉन्ट आत समाविष्ट करावेत आणि कडेपर्यंत जाणाऱ्या फोटोंना कटाईसाठी चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जादा सोडावेत. ऑफसेट छपाईत फर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेला पानांचा संच) बहुधा १६ पानांचा असतो, त्यामुळे पुस्तक ६४ किंवा ८० पानांत बसवावे. सत्तर पानांचा हट्ट धरला, तर कोऱ्या पानांचेही पैसे मोजावे लागतात.

पूर्ण आवृत्ती छापण्याआधी ज्या कागदावर छपाई होणार आहे त्याच कागदावर दोन-तीन फोटोंचे रंगीत प्रूफ मागावे आणि ते दिवसाच्या उजेडात पाहावे. भित्तिचित्रांतले गडद तपकिरी आणि हिरवे रंग पडद्यावर जितके उजळ दिसतात तितके कागदावर उतरत नाहीत. विशेषतः बिनचकाकीच्या कागदावर सावल्या एकमेकींत मिसळून काळ्या पडतात, म्हणून सावल्यांचा भाग किंचित उजळूनच फाइल द्यावी.

पुस्तक विकायचे असेल, तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. अर्ज छपाईच्या बराच आधी करावा. १९५४ च्या ग्रंथ-वितरण कायद्यानुसार प्रकाशनापासून ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील ठरावीक ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवावी लागते, तेव्हा प्रतींचा आकडा ठरवताना या चार प्रती आधीच बाजूला काढाव्यात.