टाकणखाराची जेली: तुटून पुन्हा जुळणारी तार घरी कशी करायची

बेळगावात शहापूरला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. 17 वर्षांत सगळ्यात जास्त वेळ माझा फ्लेक्सवर गेला असेल. फ्लेक्स म्हणजे फोनच्या आतली ती अंबर रंगाची पातळ पट्टी. तिच्यात तांब्याच्या केसासारख्या रेघा असतात. एकाच जागी सारखी घडी पडली की तांबं थकतं आणि बारीक चीर जाते, ती डोळ्यांना दिसतही नाही. गिऱ्हाईक येऊन सांगतं, "कधी चालतंय, कधी नाही." भिंगाखाली ती चीर शोधायची आणि वरून तार डाकायची.

माझी मुलगी दहावीत आहे. एकदा ती शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "बाबा, बोट कापलं तर आपोआप भरतं की. ही तार का भरत नाही?" प्रश्न मला लागला. त्यातून विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही दोघांनी ही जेली केली. तीन वेळा फसली, चौथ्या वेळेला जमली. जमलेली रीत सांगतो.

सामान थोडंच लागतं. पॉलिव्हायनाइल अल्कोहोलची पावडर केमिकलच्या दुकानात मिळते. टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, आम्हाला शेजारच्या सोनारकाकांनी दिला. दागिन्याला डाक लावताना त्यांना तो रोज लागतो. बाकी मीठ, ग्लिसरीन, मेडिकलमधली 10 मिलीलीटरची सिरिंज, 9 व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी, 330 ओहमचा रेझिस्टर, मल्टिमीटर आणि पेन्सिलीची दोन जाड शिसं. पांढऱ्या फेव्हिकॉलनंही जेली होते, पण त्यात मुख्य माल वेगळा असतो, म्हणून पावडरच घ्या. टाकणखार पोटात जाता कामा नये. स्वयंपाकाची भांडी वापरू नका, हातमोजे घाला, लहान मुलांच्या हाती जेली देऊ नका.

100 मिलीलीटर गार पाण्यात 6 ग्रॅम पावडर भुरभुरत टाका आणि सतत ढवळत राहा. पाणी गारच हवं. आम्ही पहिल्यांदा गरम पाण्यात टाकली, तर बेसन एकदम ओतल्यावर पिठल्यात होतात तशा गाठी झाल्या आणि तासभर ढवळूनही मोडल्या नाहीत. पावडर नीट भिजली की भांडं उकळत्या पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात ठेवा. आतलं द्रावण 80 ते 90 अंशांपर्यंत तापू द्या, थेट आचेवर उकळू नका. अर्ध्या-पाऊण तासात ते काचेसारखं स्वच्छ होतं. झाकून रात्रभर ठेवा, बुडबुडे निघून जातात.

दुसऱ्या दिवशी त्यातलं 50 मिलीलीटर घ्या. 1 ग्रॅम मीठ आणि अर्धा चमचा ग्लिसरीन त्यात विरघळवा. मिठामुळे जेलीतून वीज जाते, ग्लिसरीनमुळे जेली लवकर सुकत नाही. ग्लिसरीन जास्त झालं तर मात्र टाकणखार त्यालाच जाऊन चिकटतो आणि जेली लिबलिबीत होते. आमची दुसरी खेप अशीच गेली.

आता 100 मिलीलीटर कोमट पाण्यात 4 ग्रॅम टाकणखार विरघळवा आणि गार होऊ द्या. सिरिंजमध्ये भरून थेंब थेंब सोडा, दुसऱ्या हातानं ढवळत राहा. साधारण 5 ते 7 मिलीलीटर गेलं की गोळा काडीला धरून भांड्याची कड सोडतो. तिथंच थांबा. हातात घेऊन पाच मिनिटं कणकेसारखा मळा.

आत काय झालं तेही समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पावडर म्हणजे रेणूंच्या लांब लांब साखळ्या. टाकणखारातला बोरेट एका साखळीला एका हातानं आणि दुसरीला दुसऱ्या हातानं धरतो. ही पकड कायमची नसते, सारखी सुटते आणि पुन्हा जुळते. कापलेल्या दोन बाजू एकमेकींना टेकल्या की मोकळे राहिलेले हात समोरच्या साखळीला धरतात. तांब्याला असे हात नाहीत. शिवाय चीर पडली की ती हवेत गंजते, मग दोन्ही कडा टेकवून काही होत नाही.

जेलीची बोटाएवढी जाड, 10 सेंटिमीटर लांब वळी करून प्लॅस्टिकवर ठेवा. दोन्ही टोकांत पेन्सिलीचं शिस खुपसा. बॅटरी, रेझिस्टर, एलईडी आणि जेली एका रांगेत जोडा. दिवा लागतो. तांब्याची तार थेट जेलीत खुपसू नका. आमची तिसरी खेप त्यानंच बिघडली: बॅटरीच्या धन टोकाशी जेली हिरवी-निळी झाली आणि बुडबुडे आले. मिठाच्या पाण्यातून बॅटरीची वीज गेली की तिथं रसायन घडतं, तांबं विरघळतं. शिसालाही बुडबुडे येतात, म्हणून जोडणी काही सेकंदच ठेवा आणि खिडकी उघडी असू द्या.

मग ब्लेडनं वळी मधोमध कापा आणि तुकडे जरा दूर सारा. दिवा विझतो. परत टेकवा. टेकवल्या टेकवल्या दिवा लागतो. मुलगी टाळ्या वाजवायला लागली. मी तिला म्हटलं, थांब, उचलून बघ. उचलली तर वळी त्याच जागी सुटली. दिवा लागला म्हणजे जखम भरली असं नव्हे. दोन ओल्या, खारट बाजू नुसत्या टेकल्या तरी वीज जाते.

म्हणून दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजा. मल्टिमीटर मिलिअँपिअरवर ठेवून रांगेत जोडा. कापण्याआधी आणि जोडल्यावर, जोडणी केल्यापासून बरोबर तिसऱ्या सेकंदाला आकडा लिहा, कारण वेळ जाईल तसा तो सरकत राहतो. ओहमच्या बटणावर जेली मोजू नका, तिथंही आकडा ठरत नाही. ताकद बघायला तीन वळ्या एकदम कापून जोडा. पहिली 1 मिनिटानं ओढा, दुसरी 5 मिनिटांनी, तिसरी 15 मिनिटांनी. जखम खरी भरली असेल तर वळी जुन्या कापाशी न तुटता दुसरीकडेच ताणून तुटते. कापलेल्या बाजूला धूळ बसू देऊ नका, सुकू देऊ नका.

मोठ्या प्रयोगशाळेतही हाच फरक दिसतो. 2012 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात झेनान बाओ यांच्या गटानं स्वतः भरून येणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये निकेलचे कण घालून कृत्रिम त्वचेसाठी साहित्य केलं. कापून जोडल्यावर 15 सेकंदांत वीज वाहण्याची क्षमता सुमारे 90 टक्के परत आली. ताकद परत यायला साधारण 10 मिनिटं लागली. इलिनॉय विद्यापीठाची वाट वेगळी. 2001 मध्ये त्यांनी प्लॅस्टिकमध्ये औषधाच्या बारीक कुप्या पेरल्या, चीर गेली की कुपी फुटून औषध आत झिरपतं. पुढं त्याच विद्यापीठात कुप्यांत गॅलियम-इंडियमचा द्रव धातू भरून तुटलेली विजेची रेघ जोडली. माझ्या टेबलावरच्या फ्लेक्सला हीच वाट लागू पडेल असं मला वाटतं, कारण तिथं मऊ जेली काही कामाची नाही.

मऊपणाची किंमत आम्ही पाहिली. रात्री ताटलीत ठेवलेली गोल वळी सकाळी पापडासारखी पसरली होती. पकड सहज सुटते म्हणून जखम भरते, आणि त्याच कारणानं जेली आकार धरत नाही. साचा हवा, नाहीतर वरून पातळ रबराचं आवरण.

ग्रॅफाइट घालूनही बघा. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत साच्याला लावायला ग्रॅफाइटची पूड असते, माझ्या भाच्यानं मूठभर आणून दिली. बिनमिठाच्या जेलीत ती मळत जा. बराच वेळ मीटरवर फारसा फरक पडत नाही, मग कणाला कण भिडला की आकडा एकदम बदलतो. ही वळी ताणली की रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, बदलतो आणि सोडल्यावर हळूहळू मागं येतो. 2016 मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जोनाथन कोलमन यांच्या गटानं पुटीत, म्हणजे मुलांच्या खेळण्यातल्या ताणता येणाऱ्या मऊ गोळ्यात, ग्राफीन (ग्रॅफाइटचे अतिपातळ पापुद्रे) मिसळून मानेवरची नाडी टिपली, ती याच गुणावर.

जेली झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डब्यावर तारीख लिहा. पावसाळ्यात आमच्याकडं ती चार-पाच दिवस उघडी राहिली तरी मऊ असते, मार्चमध्ये एका दुपारीत कडा चामड्यासारख्या होतात. तसं झालं तर ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवा. बुरशीचा ठिपका दिसला की टाकून द्या, मोरीत मात्र ओतू नका, जेली पाइपात चिकटते.