मायक्रोस्कोपीच्या चॅनेल्सना रंग देताना या चुका टाळा

फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपच्या कॅमेऱ्याला रंग कळत नाही. तो प्रत्येक पिक्सेलवर किती प्रकाश पडला ते मोजतो आणि आकडा लिहून ठेवतो. एकेका चमकणाऱ्या रंगद्रव्याची वेगळी इमेज म्हणजे एक चॅनेल. डॅपी (न्यूक्लियस रंगवणारं द्रव्य) निळं, जीएफपी (चमकणारं प्रोटीन) हिरवं हे सगळं आपण नंतर चढवलेलं. साय-५ या रंगद्रव्याचा लाल तर निव्वळ सोयीचा, कारण त्याचा प्रकाश ६७० नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा. तरीही दर आठवड्याला कुणीतरी येऊन सांगतं, "मॅडम, सॉफ्टवेअरने रंग बिघडवले."

माझा खरा राग आहे तो इमेजचा उजेड आपोआप ताणून दाखवणाऱ्या 'ऑटो' बटणावर. एका विद्यार्थिनीने दोन स्लाइड्स दाखवल्या. एकीवर प्रायमरी (हव्या त्या प्रोटीनला चिकटणारी) आणि सेकंडरी (प्रायमरीला चिकटणारी, चमकणारी) दोन्ही अँटिबॉडी, दुसरीवर फक्त सेकंडरी, म्हणजे तुलनेसाठीचा कंट्रोल. दोन्ही सारख्याच लालभडक. निष्कर्ष काढून मोकळी: सेकंडरी वाट्टेल तिथे चिकटतेय. मीही मान डोलावली, हे कबूल करते. मग नवी अँटिबॉडी मागवली, वेगवेगळी डायल्यूशन्स करून पाहिली, जास्तीचे वॉश दिले. यात तीन आठवडे गेले. शेवटी एका संध्याकाळी मी फिजी या इमेज तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही मूळ फाइल्स शेजारी उघडल्या आणि पिक्सेलवर कर्सर फिरवला. सॅम्पलमध्ये आकडे १८० ते २९००. कंट्रोलमध्ये १७० ते ३१०. त्या १४० काउंटच्या खरखरीला ऑटोने पडदाभर ताणलं होतं. अँटिबॉडी पहिल्यापासून चांगलीच होती.

तेव्हापासूनची माझी सवय अशी. सगळ्यात तेजस्वी सॅम्पल आधी उघडायचं, ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टच्या खिडकीत मिन (कितीला काळं) आणि मॅक्स (कितीला पूर्ण उजळ) हाताने ठरवायचे आणि ते दोन आकडे वहीत लिहायचे. हो, कागदाच्या वहीत. मग त्या चॅनेलच्या प्रत्येक इमेजला 'सेट'मधून तेच आकडे. कंट्रोल काळाकुट्ट दिसला तर दिसू दे, तो तसाच दिसायला हवा. काही जळलंय का ते बघायला हायलो एलयूटी (आकड्यांना रंग देणारा तक्ता) लावते: मॅक्सला टेकलेले पिक्सेल लाल, मिनला टेकलेले निळे. आणि 'अप्लाय'ला हात लावू नका. नुसती रेंज बदलली तर फक्त दिसणं बदलतं, अप्लाय दाबलं की पिक्सेलमधले आकडेच बदलतात.

दुसरी लाडकी चूक म्हणजे घाईघाईने आरजीबी करणं, म्हणजे सगळे चॅनेल एकाच रंगीत चित्रात मिसळणं. स्लाइडमध्ये टाकायला सोपं जातं म्हणून पहिल्याच दिवशी आरजीबी, त्यावर जेपेग, आणि जागा खाते म्हणून मूळ फाइल डिलीट. मग महिन्याभराने प्रश्न येतो, "कोलोकलायझेशन मोजता येईल ना?" म्हणजे दोन प्रोटीन एकाच जागी आहेत का ते. काय मोजणार? १२ बिटच्या कॅमेऱ्याच्या ४०९६ पायऱ्यांच्या २५६ झाल्या, त्यात जेपेगने रंगांची माहिती आणखी विरळ केली. मूळ फाइल रीड-ओन्ली ठेवा, आरजीबी प्रत अगदी शेवटी काढा आणि टिफ किंवा पीएनजीत सेव्ह करा.

लाल-हिरवी जोडी आता सोडा. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ पैकी एकाला हे दोन रंग नीट वेगळे दिसत नाहीत, आणि तुमचा पेपर तपासणारा त्यातलाच असू शकतो. मजेंटा-हिरवं घ्या, दोन्ही सिग्नल भरपूर असतील तिथे पांढरं दिसतं. न्यूक्लियसची बारीक रचना दाखवायची असेल तर शुद्ध निळा टाळा. पडद्यावरच्या उजेडात निळ्याचा वाटा जेमतेम सात टक्के, त्यामुळे काळ्यावर निळं म्हणजे अंधारात अंधार. मी करडा देते. आणि मजेंटाच्या पोटात निळा असतोच, त्यामुळे निळं डॅपी आणि मजेंटा एकत्र आले की कुठला निळा कुणाचा ते कळत नाही. चार-पाच चॅनेल एकावर एक चढवून "सुंदर दिसतंय" म्हणणाऱ्यांना मी आधी प्रत्येक चॅनेल करड्यात वेगळा मांडायला लावते. निम्मं सौंदर्य तिथेच गळतं.

बाकीच्या भराभर. पहिला चॅनेल म्हणजे डॅपीच असं धरू नका. ब्लीचिंग (प्रकाशाने चमक विझणं) कमी व्हावं म्हणून बरेच जण लांब तरंगलांबीपासून सुरुवात करतात, तेव्हा मेटाडेटा, म्हणजे फाइलमधल्या नोंदी, वाचा. १२ बिटचा डेटा १६ बिटच्या फाइलमध्ये काळा दिसला तर घाबरू नका, रेंज ६५५३५ पर्यंत पसरलीय, ४०९५ वर आणा. नापारी या इमेज बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये वरचा लेयर खालच्याला झाकत असेल तर ब्लेंडिंग अ‍ॅडिटिव्ह करा. इंद्रधनुष्यासारखा जेट कलरमॅप नको, तो नसलेल्या कडा दाखवतो. पॅराव्ह्यू या थ्रीडी चित्रं काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तीन चॅनेल एकाच अ‍ॅरेत दिले तर तो त्यांना व्हेक्टर समजतो आणि मॅग्निट्यूड रंगवतो, म्हणजे तिघांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ. ते चित्र कोणत्याच प्रोटीनचं नसतं. ड्रॉपडाउनमधून एकेक कंपोनंट निवडा.

आणि आकृतीखाली कोणत्या चॅनेलला कोणता रंग आणि मिन-मॅक्स किती, हे लिहा. जागा नाही म्हणतात. पोस्टरवर पाच लोगोंना मात्र बरोबर जागा सापडते.