माकडतापावर लक्ष कसं ठेवायचं? मेलेल्या माकडापासून ब्लड रिपोर्टपर्यंत

काजूचा सिझन आला की दोडामार्ग-सावंतवाडी आणि गोव्यात सत्तरीकडे माकडतापाचं टेन्शन असतंच. 1957 ला कर्नाटकातल्या शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात हा व्हायरस सापडला म्हणून डॉक्टर लोक केएफडी, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हणतात. पसरतो गोचिडीमुळे, माणसाकडून माणसाला होत नाही, तेव्हा पेशंटच्या घरी जायला घाबरू नका उगाच.

आता लक्ष कुठे ठेवायचं तर आधी माकडांवर. जंगलात, बागेत माकड मेलेलं दिसलं की हात लावायचा नाही, पुरायचं पण नाही, कारण माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच खाली उतरतात. लोकेशन पाठवून फॉरेस्टवाल्यांना आणि पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) लगेच फोन करा, लगेच म्हणजे त्याच दिवशी, सडलेल्या माकडाचं सॅम्पल काही कामाचं राहत नाही. मग टीम येऊन सॅम्पल घेते, आजूबाजूला फवारणी करते, आणि पांढरं फडकं झुडपांवरून, पातेऱ्यावरून (सुक्या पाल्यावरून) ओढत नेते, त्याला चिकटलेल्या गोचिडी मोजून लॅबला जातात. यातली गोचिडीची पिल्लं तिळापेक्षा बारीक असतात आणि माणसाला जास्त करून तीच चावतात, म्हणून पातेरा गोळा करून आलात की गरम पाण्याने आंघोळ करा आणि कपडे पण गरम पाण्यातच टाका.

माणसात ओळखायचं कसं? चावल्यावर साधारण 3 ते 8 दिवसांनी एकदम जोराचा ताप, डोकं ठणकतं, अंग मोडून येतं, डोळे लाल. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या टेस्टमध्ये, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही कमी, म्हणजे दिसायला सेम डेंग्यू, आणि इथेच घोळ होतो. म्हणून डॉक्टरने विचारलं नाही तरी आपणहून सांगा की काजूत जात होतो, अमुक वाडीत माकड मेलंय, आणि ताप नक्की कुठल्या तारखेला आला. तारीख फार महत्त्वाची, कारण सुरुवातीच्या दिवसांत आरटी-पीसीआर (रक्तात व्हायरस शोधणारी टेस्ट) लागते, नंतर रक्तातला व्हायरस कमी होत जातो मग आयजीएम एलायझा (व्हायरसविरुद्ध अंगात तयार झालेल्या अँटीबॉडीची टेस्ट) बघतात, आणि चुकीच्या दिवशी चुकीची टेस्ट केली तर निगेटिव्ह येऊन माणूस निर्धास्त घरी बसतो.

औषध असं खास नाही, सलाईन, पॅरासिटामॉल आणि लक्ष. ब्रुफेन, ॲस्पिरिन मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरला तरी पुढचे दोनेक आठवडे बघत राहा, काही जणांना परत ताप येतो, मान आखडते, हात थरथरतात, तेव्हा गावच्या दवाखान्यात वेळ न घालवता सरळ मोठं हॉस्पिटल गाठायचं.